चाळलेल्या मातीतले नत्र

कुंडीतल्या प्रयोगासाठी शेतातली माती खणून आणतात, वाळवतात, ढेकळे फोडून चाळतात आणि कुंडीत भरून पाणी देतात. या तयारीतच मातीतले नत्र बदलते.

मातीतले ९० टक्क्यांहून अधिक नत्र सेंद्रिय पदार्थांत अडकलेले असते. ते मुळांना थेट फारसे घेता येत नाही. मातीच्या घट्ट कणसमूहांत हे पदार्थ जिवाणूंपासून बरेचसे सुरक्षित राहतात. चाळताना ते समूह फुटतात, हवा आत शिरते, जिवाणूंना नवे खाद्य मिळते. वाळवताना मेलेल्या जिवाणूंची त्यात भर पडते. मग पाणी मिळताच विघटन उसळते आणि आधी अमोनियम, पुढे नायट्रेट तयार होते. वाळलेली माती भिजल्यावर येणारी ही उसळी एच. एफ. बर्च यांनी १९५८ साली पूर्व आफ्रिकेतल्या मातीवरील कामातून मांडली; ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

परिणामी खत न दिलेली कुंडीही हिरवीगार दिसते आणि खताचा खरा फायदा झाकला जातो. म्हणून पेरणीपूर्वी माती काही आठवडे ओलसर ठेवून हा भर ओसरू द्यावा. तरीही तयार झालेले नायट्रेट मातीतच उरते, तेव्हा पेरणीच्या दिवशी ते मोजणे मला अत्यावश्यक वाटते. सोबत रोप नसलेल्या काही कुंड्याही हव्यातच.