भांडवल कोठून आणावे?

कसालला मुंबई-गोवा महामार्गावरून मालवणचा रस्ता फुटतो. तेथे कोकम सरबत विकायचे असे तुम्ही ठरवलेत, तर रातांबे, साखर व बाटल्या यांसाठी पैसा लागेल. या पैशाला भांडवल म्हणतात.

ते आधी घरात शोधावे. मामूंनी किंवा शेजाऱ्यांनी दिलेले कर्जे-हसना बिनव्याजी असते. पण फेडावे लागतेच. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात ७ स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले. पहिल्या दिवशी चारच पाकिटे झाली. उसने घेतले, पण देणगी घ्यायची नाही, असे त्यांनी ठरवले. तेच आजचे ‘लिज्जत पापड’.

दुसरी वाट बँकेची. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत ५०,००० रुपयांपर्यंतच्या कर्जाला ‘शिशु’ म्हणतात. (नाव गोड आहे, पण व्याज द्यावे लागते!) त्यासाठी घर किंवा दागिने तारण ठेवावे लागत नाहीत. हप्ता मात्र वेळेवर भरावा लागतो. रातांबे पिकतात उन्हाळ्यात, आणि सरबताला गिऱ्हाइकेही तेव्हाच. म्हणून अर्ज करण्यापूर्वी वहीत लिहा : जुलै-ऑगस्टचा हप्ता कशातून भरणार? आमसुले वाळवून ठेवली असतील, तर ती भर पावसातही विकता येतात.