‘तसल्या’ बायकांचे ऋण

गेल्या मार्गशीर्षात ओझरच्या खंडेरावाची यात्रा उलगून चारच दिवस झाले होते. रस्त्यावरचा भंडारा अजून पुरता पुसला गेला नव्हता. शेजारच्या घरातील धाकट्या सुनेला तिसरा महिना लागला होता. सासूबाईंचे गुडघे धरलेले, म्हणून तिच्यासोबत पहिल्या तपासणीला जाण्याचे काम माझ्याकडे आले. दवाखान्यात तिच्या हाती रक्ततपासण्यांचा कागद पडला. हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, कावीळ या ओळी तिने सहज वाचल्या. खालच्या ओळीत ‘एचआयव्ही’ ही अक्षरे दिसली, तशी ती थबकली. आवाज अगदी खाली आणून तिने विचारले, “काकू, ही तपासणी मला कशाला? मी काय तसली बाई आहे का?”

मी उत्तर देण्याआधीच खिडकीतून पुकारा झाला, “एचआयव्हीची तपासणी कोणाची? इकडे या!” बाकांवरची सारी डोकी वळली. मुलीच्या चेहऱ्यावरचे रक्तच उतरले.

तिच्या प्रश्नाचे एक उत्तर सोपे आहे आणि ते मी तिला तिथेच दिले. ही तपासणी प्रत्येक गर्भवतीला सुचविली जाते; त्यात संशयाचा भाग नसतो. आईला संसर्ग असून औषध मिळाले नाही, तर गर्भारपण, प्रसूती आणि स्तनपान मिळून १०० पैकी १५ ते ४५ बाळांपर्यंत तो पोहोचू शकतो. आईची औषधे वेळेत सुरू झाली आणि बाळालाही जन्मानंतर काही आठवडे औषध मिळाले, तर हेच प्रमाण ५ च्या खाली आणता येते. म्हणून तिसऱ्या महिन्यातली ती एक सुई फार मोलाची.

परंतु तिच्या प्रश्नातील ‘तसली’ हा शब्द माझ्यासोबत घरापर्यंत आला. त्या शब्दाचे उत्तर लांबचे आहे. ते सांगलीहून येते आणि वाटेत अमेरिकेलाही जाऊन येते.

भारतात या विषाणूचा पहिला पुरावा मिळाला तो १९८६ मध्ये, मद्रासला. डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली सेल्लप्पन निर्मला या विद्यार्थिनीने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. त्यांतील सहा नमुने बाधित निघाले. डॉ. सुनीती या माहेरच्या गायतोंडे, मद्रासला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील कन्या. पुढे १९९३ मध्ये त्यांनी वडिलांच्या नावाने एड्सविषयीचे संशोधन व शिक्षण केंद्र उभारले आणि हयातभर रुग्णांची साथ सोडली नाही. त्यांच्याविषयी मनात आदरच आहे. तरीही एक गोष्ट नोंदवावीशी वाटते : आपले रक्त नेमके कशासाठी घेतले जात आहे, हे त्या स्त्रियांना ठाऊक नव्हते. देशाला रोगाची वार्ता त्यांच्या रक्तातून मिळाली आणि वार्तेबरोबर दोषही त्यांच्याच माथी आला. ‘हा रोग तसल्या बायकांचा’ हे समीकरण त्या काळात असे घट्ट बसले की, चार दशकांनंतरही ओझरच्या एका दवाखान्यात ते एका नवविवाहितेच्या तोंडून बाहेर पडते.

या समीकरणाने सर्वाधिक घात केला तो घरातल्या स्त्रीचाच. आपल्याकडे संसर्ग झालेल्या विवाहित स्त्रियांपैकी बहुतेकींना तो पतीकडून झालेला असतो. रोग ‘बाहेरचा’ मानला की घरात कोणी तपासत नाही. ओझर तर मुंबई-आग्रा महामार्गावर वसलेले गाव. मालमोटारींच्या रांगा आणि ढाब्यांचे दिवे आम्ही लहानपणापासून पाहात आलो. नव्वदीच्या दशकात ऐन तिशीतील पुरुष ‘क्षयाने’ गेल्याच्या वार्ता या पट्ट्यात कानी येत. मागे राहिलेल्या विधवेला ‘पांढऱ्या पायाची’ म्हणून माहेरी धाडले जाई. आजाराचे नाव मात्र कोणी घेत नसे.

नाव घेण्याचे धैर्य आले ते अनपेक्षित ठिकाणाहून. १९९२ मध्ये मीना सरस्वती सेशू यांच्या ‘संग्राम’ या संस्थेने सांगली जिल्ह्यात एड्स प्रतिबंधाचे काम हाती घेतले. सांगलीच्या गोकुळनगर वस्तीत जाऊन देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांशी बोलणे सुरू झाले. तोवर शासकीय भाषेत या स्त्रिया म्हणजे रोगाचा साठा. त्यांना मोजावे, तपासावे, जमल्यास हाकलावे. ‘संग्राम’ने मात्र त्यांना प्रश्न सोडविणाऱ्या म्हणून पाहिले. निरोधची खोकी त्यांनीच सांभाळली, त्यांनीच ती दारोदार वाटली, शास्त्रीय माहिती त्यांनीच आपल्या बोलीत एकमेकींना समजावली. यातील युक्ती साधी होती आणि ती बाहेरच्या कोणा अधिकाऱ्याला साधली नसती. एकटी स्त्री गिऱ्हाइकाला ‘निरोध नाही तर तू नाही’ असे म्हणाली, तर तो शेजारच्या दारी जाईल. सारी गल्लीच तसे म्हणू लागली, तर जाईल कुठे? आरोग्यशिक्षण येथे एकजुटीवाचून निरुपयोगी होते.

१९९६ मध्ये या स्त्रियांनी स्वतःची संघटना उभी केली : ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’. तिचे नाव नीट वाचावे. ज्या शब्दाला समाज ‘तसली’च्या आड दडवतो, तो त्यांनी स्वतःच्या फलकावर पहिला लिहिला. आजारी सोबतिणीला रुग्णालयात घेऊन जाणे, खाट मिळेपर्यंत तेथून न हलणे, हात लावायला कचरणाऱ्यांशी वाद घालणे, पोलिसांच्या दंडुक्याला एकत्रितपणे सामोरे जाणे ही कामे त्या करू लागल्या. साथीच्या रोगाचा विचार करताना आपण औषधे आणि लसी मोजतो. एखाद्या स्त्रीच्या दारी रात्री पोलीस आला की तिच्या पिशवीतील निरोधच पुरावा ठरत असेल, तर ती निरोध जवळ बाळगणार कशी, हा प्रश्नही रोगप्रतिबंधाचाच आहे. तो ज्यांच्यावर बेतला होता, त्यांनीच तो मांडला.

या स्त्रियांपैकी अनेकजणी दलित व भटक्या-विमुक्त जातींतील आहेत. सांगली, कोल्हापूर, बेळगाव, निपाणी या सीमाभागात यल्लम्माला सोडलेल्या देवदासींची परंपरा आहे आणि आमच्याकडच्या खंडोबाच्या मुरळीही त्यांच्याच नात्यातल्या. जन्माने ठरलेल्या जातीने आणि धर्माच्या नावाने ज्यांच्या देहावर इतरांचा हक्क मान्य केला, त्यांच्याच देहाला पुढे रोगाचे उगमस्थान ठरविण्यात आले. १६ जून १९३६ रोजी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देवदासी, मुरळी, जोगतिणींसमोर भाषण केले होते आणि हे जिणे सोडून द्या असे त्यांना निक्षून सांगितले होते. सांगलीच्या स्त्रियांचे म्हणणे वेगळे आहे : आम्ही हे काम करीत असू वा सोडू, माणूस म्हणून आमचे हक्क आधी मान्य करा. या दोन भूमिकांमधील ताण मिटवून टाकण्याची मला घाई वाटत नाही. मात्र रोगापुरते पाहिले, तर दुसऱ्या भूमिकेने जीव वाचविले, हे मान्य करावे लागते.

आता अमेरिकेकडे. हा प्रवास मराठी वाचकाला नवा नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक निग्रोंना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले होते. १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नाव तेथल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर चळवळीवरून घेतले. वर्ण आणि जात यांच्या जखमा एकमेकींना ओळखतात. एड्सच्या काळातही तेच दिसले.

कॅट्रिना हॅस्लिप ही कृष्णवर्णीय स्त्री न्यूयॉर्क राज्यातील बेडफर्ड हिल्स या स्त्रियांच्या तुरुंगात शिक्षा भोगत होती. बाधित कैद्यांना इतर कैदी शिवत नसत. तिने आणि तिच्या सोबतिणींनी तुरुंगातच परस्परांच्या शुश्रूषेचा आणि शिक्षणाचा उपक्रम सुरू केला. बाहेर आल्यावर तिच्या ध्यानात आले की, स्त्रिया एड्सने मरत आहेत, परंतु त्यांना एड्स ‘झालेलाच’ नाही! शासनाची रोगव्याख्या प्रामुख्याने पुरुषांच्या आजारपणावरून बेतलेली होती. गर्भाशयमुखाचा कर्करोग त्या यादीत नव्हता. यादीत नाव नाही म्हणून आजारपणाचा भत्ता नाही. तिने व इतर स्त्रियांनी निदर्शने केली, अधिकाऱ्यांना गाठले, वकिलांनी खटले लढविले. अखेर १ जानेवारी १९९३ पासून व्याख्या बदलली. तीत गर्भाशयमुखाचा कर्करोग आला, फुप्फुसाचा क्षय आला, वारंवार होणारा न्यूमोनिया आला. कॅट्रिना त्याआधी काही आठवडेच, डिसेंबर १९९२ मध्ये, गेली होती.

अटलांटा शहरात डेझॉन डिक्सन डायलो यांनी १९८९ मध्ये ‘सिस्टरलव्ह’ ही संस्था काढली, तीही कृष्णवर्णीय स्त्रियांना कोणी विचारीत नव्हते म्हणूनच. दक्षिण आफ्रिकेत प्रुडन्स माबेले यांनी १९९२ मध्ये आपला संसर्ग जाहीर केला आणि १९९६ मध्ये बाधित स्त्रियांचे जाळे उभारले. त्याच देशात डिसेंबर १९९८ मध्ये गुगु द्लामिनी या तरुणीने संसर्ग उघड केला आणि थोड्याच दिवसांत जमावाने तिला मारून टाकले. नाव घेण्याची किंमत एवढी होती.

अमेरिका आणि सांगली यांची गाठ पुढे एकदा प्रत्यक्षही पडली, तीही कडू. २००३ च्या अमेरिकी कायद्याने एड्ससाठीच्या निधीला एक अट जोडली : निधी घेणाऱ्या संस्थेने वेश्याव्यवसायाला आपला विरोध आहे असे धोरण जाहीर करावे. ज्या स्त्रियांच्या हाती काम सोपविले, त्यांच्याविरुद्धच सही करायची! ‘संग्राम’ने २००५ मध्ये ती सही नाकारली आणि पैशावर पाणी सोडले. लहान संस्थेसाठी हा निर्णय सोपा नसतो. पुढे २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही अट तेथील संस्थांपुरती घटनाबाह्य ठरविली. परदेशी संस्थांना मात्र २०२० च्या निकालातही तो दिलासा मिळाला नाही.

आपल्याकडे गोष्टी हळूहळू पालटल्या. २००४ पासून सरकारी रुग्णालयांत एआरटी, म्हणजे विषाणूरोधक औषधे, मोफत मिळू लागली. आज संसर्ग कळताच औषधे सुरू होतात. ती नियमित घेऊन रक्तातील विषाणू मोजता न येण्याइतका खाली गेला आणि तसाच राहिला, तर जोडीदाराला लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही. हे वाक्य आपल्या घरांत अजून पुरेसे पोहोचलेले नाही, म्हणून ते दोनदा वाचावे. संसर्गाची शंका येण्याजोगा प्रसंग घडलाच, तर प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर आणि ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. १०९७ या मोफत क्रमांकावर नाव न सांगता माहिती विचारता येते.

आणि कायदा आहे. २०१७ चा एचआयव्ही व एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. समजावून घेतलेल्या संमतीखेरीज तपासणी करता येत नाही. कोणाची स्थिती उघड करता येत नाही. नोकरी, शाळा, उपचार नाकारता येत नाहीत. माझ्या मते यातील सर्वांत कमी ठाऊक असलेले कलम घरासंबंधीचे आहे : बाधित स्त्रीला, तसेच १८ वर्षांखालील बाधित मुलाला, राहत्या सामायिक घरातून बाहेर काढता येत नाही. महामार्गाकाठच्या त्या विधवांच्या वेळी हे कलम असते तर, असे वाटल्यावाचून राहात नाही. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनाही सन्मानाने जगण्याचा हक्क आहे असे सांगून पोलिसांना त्यांच्याशी नीट वागण्याचे निर्देश दिले. हे सारे आपोआप घडले नाही. संमती, गोपनीयता, आदर हे शब्द कायद्यात येण्याआधी रुग्णालयांच्या दारांशी आणि पोलीस चौक्यांत ‘तसल्या’ बायकांनी उच्चारले होते.

यातले सगळेच काही मी शेजारच्या सुनेला एका बैठकीत सांगितले नाही. ती डाळिंब सोलत ऐकत होती. सांगलीच्या गल्लीची गोष्ट तिला आवडली; “सगळ्याच अडून बसल्या, हे भारी,” म्हणाली. कॅट्रिनाच्या वेळी मात्र तिचे हात थांबले. खिडकीतल्या त्या पुकाऱ्याचे काय, असे तिने विचारले. संमती विचारणे आणि निकाल खासगीत सांगणे बंधनकारक आहे, हे मी सांगितले. पुढच्या वेळी तिने ते खिडकीशी स्वतःच, न रागावता, म्हणून दाखविले. आतील बाईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिले आणि पुढचे नाव हळू आवाजात घेतले.

त्या दिवशी मी सोबत होते ती केवळ रिक्षापुरती. नवऱ्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. “एकटीनेच का टोचून घ्यायची?” असे ती त्याला घरी म्हणाली होती म्हणे. गर्भवतींच्या त्या रांगेत तो एकटाच पुरुष, शर्टाची बाही कोपरापर्यंत वर सारून, आपला क्रमांक येण्याची वाट पाहात उभा होता.