साक्ष

राहुरीजवळच्या खेड्यातलं पत्र्याचं चर्च. चपला दाराशी काढून मंडळी सतरंजीवर बसली आहेत. पेटी-तबल्याच्या साथीनं रेव्हरंड टिळकांचं भजन रंगलंय. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, पुढं काही काळ ते राहुरीत राहिले. तुकोबांच्या वाटेनं ख्रिस्तापाशी पोचलेल्या या कवीची भजनं इथल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहेत. टाळ थांबतात.

"कुणाला साक्ष द्यायचीय?" पाळकसाहेब विचारतात.

साठीच्या घरातला एक जण उठतो. हमाली करायचा, हातात पैसा आला की गुत्त्यावर जायचा. शेजारच्या मावशी हळूच सांगतात. तो स्वतः दारूबद्दल एवढंच म्हणतो, "प्रभूनं सोडवली." मग तो दाराकडं वळतो. तिथं टोपी घातलेले एक आडतदार बसलेत. मंडळीतले नाहीत, यानंच बोलावून आणलेत.

"शेटजी, तुमच्या गाळ्यातनं गव्हाची दोन पोती गेली होती. तुम्ही दिवाणजीच्या हाताखालच्या पोराला काढून टाकलं. त्यानं नव्हती नेली. मी नेली."

एक बाई तोंडाला पदर लावते. बहुधा त्याची बायको. माझं लक्ष मात्र त्याच्या आवाजाकडं आहे. तो कापत नाही. लूकच्या शुभवर्तमानातल्या जक्कयानं लुबाडलेलं चौपट परत करायचं कबूल केलं, पण त्याआधीच येशूनं त्याला झाडावरून खाली बोलावलं होतं, आज तुझ्या घरी उतरणार म्हणून सांगितलं होतं. आधी जवळ घेणं, मग परतफेड. हा क्रम उलटा असता, तर असं चारचौघांत उभं राहायचं बळ या माणसाला कुठून आलं असतं? क्षमा विकत घ्यायला तो उठलेला नाही. ती मिळाल्याची खात्री आहे, म्हणून त्याला आता लपवायचं काही उरलेलं नाही.

तो पाकीट पुढं करतो. शेटजी हात मागं घेतात.

"मला कशाला? त्या पोराला दे."

"काल गेलो होतो. त्यानं घेतलं नाही. म्हणाला, पैसे नकोत, माझ्यावरचा आळ काढा. म्हणून तुम्हाला इथं बोलावलं."

शेटजी बराच वेळ खाली बघत राहतात. पाळकसाहेबही मध्ये बोलत नाहीत.

"कुठं असतो तो?"

"श्रीरामपूरला. मार्केट यार्डात."

"उद्या सकाळी गाडी काढतो," शेटजी म्हणतात. "तू चल बरोबर. मला त्याचं घर माहीत नाही."