गाविलगडची एक दिवसाची पायी सहल : आखणीविषयी काही सूचना

अंजनगाव सुर्जीच्या शाळेतील मुलास उत्तरेकडे सातपुड्याची निळी रांग रोज दिसते. ३० डिसेंबर १८०३ रोजी शिंदे व इंग्रज यांच्यात झालेला सुर्जी-अंजनगावचा तहही तो पाठ करतो. परंतु त्यापूर्वी अवघे पंधरा दिवस आधी इंग्रजांनी घेतलेला भोसल्यांचा गाविलगड त्याच रांगेत उभा आहे, हे त्यास क्वचितच ठाऊक असते. सहलीची तयारी म्हणून हा एक पाठ वर्गातच व्हावा.

वाट निवडताना १८०३ चा वेढा उपयोगी पडतो. गडाची दक्षिण बाजू वऱ्हाडच्या मैदानाकडे तुटलेली आहे. उत्तरेकडे मात्र तो चिखलदऱ्याच्या पठाराशी जोडलेला आहे. म्हणूनच स्टीव्हन्सनच्या फौजेने डोंगरांतून तोफा ओढीत नेऊन उत्तरेकडून मारा केला. १५ डिसेंबरला गड पडला व किल्लेदार बेनीसिंग लढता लढता कामी आला. शिक्षकांनीही पायथ्यापासून सरळ चढण्याचा मोह टाळावा, चिखलदऱ्यापर्यंत एस. टी. ने जाऊन तेथून पायी निघावे. चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंच असल्याने मैदानापेक्षा तेथे गारवा अधिक असतो. हिवाळ्यात प्रत्येक मुलाजवळ गरम कपडा असलाच पाहिजे.

वेळेचा अंदाज हा आखणीचा खरा गाभा होय. बहुतेक सहली येथेच फसतात. स्कॉटलंडमधील नेस्मिथ या गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक सोपा हिशेब सांगितला : ५ किलोमीटर चालीस एक तास, आणि प्रत्येक ६०० मीटर चढास आणखी एक तास. समजा, वाट ४ किलोमीटर व चढ २०० मीटर आहे; तर ४८ व २० मिळून ६८ मिनिटे झाली. हा हिशेब धडधाकट प्रौढाचा. मुलांसाठी त्यात निम्मी भर घालून पावणेदोन तास धरावेत. जेवण, पाणी व तट पाहणे यांचा वेळ निराळा. वर्गात हे उदाहरण मुलांकडूनच सोडवून घ्यावे; गणिताचा तासही वाया जात नाही.

१९७३ साली सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होता. तेव्हा वनखात्याची परवानगी व प्रवेशाच्या वेळा आधीच विचारून घ्याव्यात. गडावरील तळ्यांच्या पाण्यावर विसंबू नये. पाणी बरोबर न्यावे. कड्यास आग्या मोहोळ दिसल्यास धूर, दगड व आरडाओरड कटाक्षाने वर्ज्य. तटाच्या कडेस कठडा असेलच असे नाही. एक शिक्षक पुढे व एक सर्वांत मागे चालावा. मुलांची मोजणी प्रत्येक मुक्कामी व्हावी.

डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. म्हणून परत फिरण्याची वेळ, उदाहरणार्थ दुपारी तीन, निघण्यापूर्वीच सर्वांस सांगून ठेवावी. त्या वेळी एखादा दरवाजा किंवा तोफ पाहावयाची राहिली असली, तरीही मुलांना घेऊन खाली वळावे.