परदेशी नोकरीचे कागद

दुबई, कुवेत, सौदी अरेबिया या मुलखांत आपली पुष्कळ माणसे नोकरीला जातात. कोणी शेत गहाण टाकतो, कोणी घरचे दागिने मोडतो आणि एजंटाला पैसे देतो. पैसा जातो तो जातोच. पण कागद खोटा निघाला, तर माणूसही परमुलखात अडकतो.

म्हणून निघण्यापूर्वी तीन कागद पाहावेत. पहिला पासपोर्ट. दुसरा व्हिसा, म्हणजे त्या देशात शिरण्याची परवानगी. तो कामाचाच हवा, बरं का! "आधी फिरायच्या व्हिसावर चला, तिकडे बदलून घेऊ," असे एजंट म्हणाला, तर जाऊ नका. तसे काम करणे तिकडे गुन्हा आहे. तिसरा कागद कराराचा. काम कोणते, पगार किती, राहायची सोय कोणाची, हे त्यात लिहिलेले असावे.

दहावी न झालेल्या माणसाला तिकडे नोकरीला जाताना सहसा आपल्या सरकारची वेगळी मंजुरी लागते. एजंटाकडेही सरकारी परवाना लागतो. हा १९८३ चा कायदा आहे.

कागद कळला नाही, तर लाजायचे कशाला? तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बायकांना, अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना आणि कमी उत्पन्न असणाऱ्यांना तेथे वकिलाचा सल्ला फुकट मिळतो. परदेशात अडचण आली, तर भारताच्या वकिलातीत जावे. दुबईत तर आपल्या कामगारांसाठी सरकारी मदत केंद्रच आहे. तेथे कायद्याचा सल्लाही मिळतो.

आता तुम्हांला वाचता येते. आधी वाचा, न कळले तर विचारा, मगच सही करा.