बाळ झाल्यावरची सोनोग्राफी

"आता कसली सोनोग्राफी? बाळ तर झालंय की!" सोलापुरातल्या एका नवजात अतिदक्षता कक्षाच्या दारात अक्कलकोटकडून आलेल्या आज्जी विचारत होत्या. प्रश्न रास्तच होता. आपल्याकडे सोनोग्राफी म्हणजे पोटुशी बाई आणि भिंतीवरची 'येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही' ही पाटी.

आत बाळाला धाप लागली होती. सिझरचं, दिवस जेमतेम भरलेले. श्वासागणिक बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती आणि बारीक कण्हण्याचा आवाज येत होता. डॉक्टरांनी कोमट केलेली जेली बोटावर घेतली (गार जेलीने एवढ्याशा जिवाचं अंग गारठतं) आणि दोन बोटांएवढा प्रोब छातीवर टेकवला.

खरं तर फुप्फुस म्हणजे सोनोग्राफीचं वावडं. आवाजाच्या लहरी हवेवर आपटून परत फिरतात, पलीकडचं काही दिसत नाही. म्हणून कित्येक वर्षं या अवयवाच्या वाटेला कुणी फारसं गेलं नाही. फ्रान्समधले डॉ. डॅनियल लिख्टेनस्टाइन १९९०च्या दशकात हट्टाने त्या निरुपयोगी समजल्या जाणाऱ्या सावल्याच पाहत बसले. त्यांच्या लक्षात आलं की सावल्यांनाही शिस्त आहे. फुप्फुसात हवा भरलेली असेल तर पडद्यावर ठरावीक अंतराने आडव्या रेघा उमटतात. पाणी असेल तर वरून खालपर्यंत उभे पांढरे झोत पडतात. सोलापूरकराला इथे ताणाबाणा आठवणारच, पण ही वीण खोटी असते. छातीत रेघ कुठेच नसते, असतो तो नुसता प्रतिध्वनी. मला या यंत्राचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते याचंच.

नवजात बाळांत हे वाचन फार कामाला येतं. छाती लहान, कातडी पातळ, त्यामुळे चित्र स्वच्छ. अपुऱ्या दिवसांच्या बाळात फुप्फुस उघडं ठेवणारा सरफॅक्टंट हा द्रव कमी पडतो. मग दोन्ही बाजू सगळीकडे पांढऱ्याफटक दिसतात. सिझरच्या बाळात नुसतं पाणी उरलेलं असेल तर बऱ्याचदा खालचा भाग पांढरा, वरचा काळसर आणि मधे ठळक सीमा दिसते. कोपेत्ती आणि कात्तारोस्सी या इटलीतल्या डॉक्टरांनी २००७ मध्ये ती टिपली. छातीत हवा सुटली असेल तर फुप्फुसाच्या आवरणाची श्वासाबरोबर होणारी सरकण थांबते.

फरक कळायलाच हवा, कारण सरफॅक्टंट श्वासनलिकेतून द्यावं लागतं, महाग असतं आणि लवकर दिलं तर जास्त गुण येतो. प्रत्येक बाजूचे तीन भाग पाहून दर भागाला शून्य ते तीन गुण द्यायचे, एकूण अठरा. २०१५ पासून या गुणांचा आधार घेऊन कुठल्या बाळाला औषध लागेल याचा अंदाज बांधता येऊ लागला. एक्स-रे बाद झालेला नाही. वरच्या आवरणापर्यंत न पोचलेला खोलातला दोष सोनोग्राफीत दिसत नाही, आणि नवख्या हाताला पडद्यावर काहीही दिसू शकतं. पण एक्स-रेसाठी बाळाला उचलून प्लेटवर ठेवावं लागतं, किरणं असतात. सोनोग्राफी दिवसातून चारदा केली तरी चालते.

यंत्र मात्र सहज हाताशी नसतं. महाराष्ट्राने गर्भलिंग तपासणीविरुद्ध १९८८ मध्येच कायदा केला, देशाचा १९९४ मध्ये आला. तरी राज्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुली २००१ला ९१३ होत्या, २०११ला ८९४ झाल्या. त्यामुळे प्रत्येक यंत्राची नोंदणी, आणि २०१२च्या नियमांनी फिरत्या यंत्रांवर आणखी लगाम. नवजात बाळाच्या छातीवर ठेवायचा प्रोबही त्यातून सुटत नाही. डॉक्टर कुरकुरतात. मला ती कुरकुर समजते, पण ते आकडे पाहिले की कुलूप काढा म्हणायला जीभ रेटत नाही.

आज्जींच्या नातवाच्या छातीत सीमा ठळक निघाली. सरफॅक्टंट लागलं नाही. नाकातून दाबाने हवा देणारा सीपॅप लावला आणि वाट पाहिली. संध्याकाळी प्रोब पुन्हा टेकला तेव्हा उभे झोत विरळ झाले होते, वरच्या भागात आडव्या रेघा उमटल्या होत्या.

बाहेर आज्जी उठून उभ्या राहिल्या. "पाणी उतरलं का, डॉक्टर?"

"उतरतंय, आज्जी. उद्या परत बघू."