मुंज्या बसतो की फेफरे येते?

नगरच्या आमच्या जुन्या वाड्यात (2024 साली शहराचे नाव अहिल्यानगर झाले, पण घरात अजून ‘नगर’च चालते) दोघे चुलतभाऊ माजघरात शेजारी शेजारी निजत असत. थोरला एकोणीस वर्षांचा, परीक्षेसाठी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागणारा. एके पहाटे तो घामाघूम होऊन उठला व सांगू लागला, “जाग आली होती, आढे दिसत होते, काकूंच्या बांगड्याही ऐकू येत होत्या, पण बोट हलेना, हाक फुटेना, आणि छातीवर कोणीतरी बसले होते!” परसात पिंपळ, तेव्हा निदानास उशीर कसला? सोडमुंजीपूर्वी वारलेल्या कोणा बटूचा मुंज्या! उशीखाली लोखंडी अडकित्ता आला, अंगारा लागला, दृष्ट निघाली.

धाकटा बारा वर्षांचा. त्याची काहीच तक्रार नसे. कधी सकाळी त्याचे अंथरूण ओले असे, कधी जिभेची कड चावलेली असे, आणि त्या दिवशी डोके व अंग दुखते म्हणून तो पडून राही. ओल्या अंथरुणाबद्दल तो बोलणी खाई आणि जंतांचे औषध घेई. थोरला एवढेच म्हणे की, हा फार घोरतो. वर्षभर सारे घर थोरल्याची काळजी करीत राहिले; औषधाची गरज होती ती धाकट्यास.

थोरल्यास जे होई त्यास झोपेतील लुळेपणा म्हणावे. ज्या निद्रेत डोळे पापण्यांआड भराभर हलतात आणि स्वप्ने रंगतात, त्या निद्रेचा शोध 1953 साली शिकागो येथे ॲसेरिन्स्की व क्लाइटमन यांनी लावला. त्या वेळी मेंदू हातापायांचे स्नायू सैल सोडून देतो. नाहीतर आपण स्वप्नातली धावपळ अंथरुणातच केली असती. क्वचित मन जागे होते आणि हा सैलपणा मात्र क्षणभर मागे उरतो. स्वप्नाचा उरलेला तुकडा उघड्या डोळ्यांपुढे तरळतो, तोच मुंज्या! श्वास चालूच असतो, डोळे हलविता येतात, आणि काही क्षणांत, फार तर दोन-चार मिनिटांत, सारे सुटते. कोणी स्पर्श केला तर बहुधा लवकरच सुटते. शंभरांत सुमारे आठ माणसांस हा अनुभव आयुष्यात एकदा तरी येतो. विद्यार्थ्यांत तो पुष्कळच अधिक. जागरण, झोपेच्या अनियमित वेळा, उताणे निजणे ही त्याची नेहमीची निमित्ते. साखर कारखान्यात रात्रपाळी करणारांसही हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. मात्र याच्या जोडीस दिवसा अनावर झोप येत असेल, किंवा हसताना गुडघे लुळे पडत असतील, तर तो निराळा निद्रारोग असू शकतो. त्यास वैद्यकीय सल्ला हवाच.

धाकट्याचे गूढ उकलले ते माहेरपणास आलेल्या आत्याबाईंमुळे. पहाटे पाण्यास उठल्या असता त्यांनी पाहिले की, मुलाचे अंग ताठ झाले आहे, मग हातपाय झटके देऊ लागले, तोंडास फेस आला, आणि पुढे मोठमोठ्याने घोरत तो निपचित पडला. हाका मारल्या तर ओळख देईना. सकाळी त्यास विचारले, तर काहीच ठाऊक नाही.

चरकसंहितेने निदानस्थानात ह्या रोगास ‘अपस्मार’ म्हटले आहे, म्हणजे स्मृतीचा लोप. भेद ओळखण्याची पहिली खूण त्या नावातच सापडते. लुळेपणाची हकीकत निजणारा स्वतः सांगतो आणि पाहणारास काही दिसलेले नसते. झटक्याची हकीकत पाहणारा सांगतो आणि निजणारास पत्ता नसतो. परंतु ह्या खुणेवर सर्वस्वी विसंबू नये. मेंदूच्या पुढील भागातून उठणाऱ्या काही झटक्यांत शुद्ध राहू शकते. त्यांत माणूस एकाएकी हातपाय झाडतो किंवा अंग पिळवटतो, क्षणांत थांबतो. आणि हाच प्रकार, दर वेळी हुबेहूब तसाच, एका रात्रीत अनेकदा घडू शकतो. नुसते ओले अंथरूण म्हणजे फेफरे असेही नव्हे. झोप लागताना एखादा हिसका बसतो, तो तर सर्वांनाच बसतो.

मेंदूच्या विद्युत्‌लहरींचा आलेख, जो हान्स बर्गर याने 1929 साली प्रथम प्रसिद्ध केला, तो उपयोगी खरा. पण एकदा आलेख निर्दोष आला म्हणून फेफरे नाही असे ठरत नाही. झोपेत काढलेला आलेख अधिक बोलका असतो, आणि मोबाइलवर टिपलेले चित्रण डॉक्टरांस दाखविले तर त्याचा फार उपयोग होतो.

आता एक अप्रिय गोष्ट. आत्याबाईंनी पाहिलेले सांगितले तेव्हा प्रथम त्यांनाच गप्प करण्यात आले: “बाहेर बोलू नका, पुढे त्याच्या बहिणींची लग्ने व्हावयाची आहेत.” हिंदु विवाह कायद्यात 1976 च्या दुरुस्तीने वारंवार येणारे फेफरे ही विवाहास अडचण ठरविली होती, ती तरतूद 1999 साली काढून टाकण्यात आली. कायद्यातून गेली ती भीती आमच्या माजघरातून मात्र गेली नव्हती! ज्या घरी हे पाहणारी नवी सून असेल, तिची तर बोलण्याची छातीच होत नसेल. इकडे औषधाविना राहिलेले रात्रीचे झटके कधी जिवावरही बेततात; आणि योग्य औषधाने बहुतेकांचे झटके आटोक्यात येतात.

झटका येत असताना कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, हातात किल्ली कोंबू नये, दातांत चमचा घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. जवळचे टणक सामान दूर करावे, कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत थांबला नाही, अथवा शुद्धीवर न येता दुसरा आला, तर तत्काळ इस्पितळ गाठावे. चालू असलेल्या गोळ्या मनाने कधीही बंद करू नयेत.

धाकटा आता सकाळ-संध्याकाळ गोळी घेतो आणि शाळेत वेळेवर जातो; ओल्या अंथरुणाबद्दल त्यास बोललेले शब्द मात्र काकूंना अजून टोचतात. थोरला अकराला दिवा मालवून कुशीवर निजतो. दोनदा पुन्हा तसे झाले, पण ते काय आहे हे ठाऊक असल्याने तो फारसा घाबरला नाही. अडकित्ता पानाच्या तबकात परत गेला आहे.